आधी हात, मग ओटी

आत्या, तुला निरोप द्यायला आलेल्या बायका रडत होत्या आणि रडता रडता आपला डावा दंड पुढे करत होत्या. "यहीं बाँधा था पट्टा, दीदी ने," एक म्हणाली. दुसरीने पदर सारून तीच जागा दाखवली. तिसरीने आपल्या उंचाड्या मुलाला पुढे ढकलले आणि जाहीर केले, "हा त्या पट्ट्यामुळे आहे." मुलगा बिचारा कुठे पाहावे हे न कळून तुझ्या पायांकडे पाहत राहिला. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "बघ, गेली तरी डोहाळेजेवणच भरवलं हिने." आणि आम्ही दोघी हसलो. कोणी नावे ठेवली नाहीत, कारण बाकीच्याही हसतच होत्या.

तू कुठे जन्मलीस, कुठे शिकलीस, या कारखान्याच्या वसाहतीतल्या रुग्णालयात किती वर्षे बायकांची बाळंतपणे केलीस, ते सगळे बाबांनी वर्तमानपत्रातल्या चौकटीत छापून आणले आहे. मोठ्या बहिणीचे कौतुक एवढ्याशा चौकटीत मावत नाही म्हणून ते छपाईवाल्यावर चिडलेही. मला त्यात भर घालायची नाही. मला आपला वाद पुढे न्यायचा आहे. तू तुझ्या सवयीप्रमाणे तो अर्धवट टाकून उठलीस.

वादाचा मुद्दा एका वाक्याचा आहे. रुग्णालयाच्या वाटेवर, गाडीच्या मागच्या सीटवर, तू मला म्हणालीस: "तुम्ही दोघं घरी येणार." माझा रक्तदाब धोक्याच्या रेषेपलीकडे गेला होता, पोटातल्या बाळाची वेळ अजून भरली नव्हती, आणि तू एखादी रेल्वेची वेळ सांगावी तसे ते वाक्य सांगितलेस. ते म्हणण्याचा तुला अधिकार होता का? माझे म्हणणे: नव्हता. तुझे म्हणणे काय होते, ते तू मला शेवटपर्यंत सांगितले नाहीस.

पण क्रमाने सांगते. विस्कळीत मांडणी तुलाच आवडत नसे.

गरोदरपणात चढणारा रक्तदाब हा फार सभ्य शत्रू आहे, असे तू म्हणायचीस. दुखत नाही, खुपत नाही, बाई चालती-फिरती असते. म्हणूनच तपासणीला ती येत नाही. आपल्या वसाहतीत तर कोणाची आई नागपुरात, कोणाची सासू कोझिकोडला. "तपासून ये" म्हणणारे घरात कोणी नाही. रुग्णालय दोन रस्ते पलीकडे, आणि तरी बायका यायच्या नाहीत. मात्र डोहाळेजेवण कोणी चुकवत नसे. गोदभराई, साध, सीमंत, ज्या घरात जे नाव असेल ते. तेव्हा तू शत्रूला गाठण्यासाठी नेमकी तीच जागा निवडलीस. आमंत्रण स्वीकारायची तुझी एकच अट: आधी हात, मग ओटी. पट्टा बांधून रक्तदाब मोजल्याशिवाय खणा-नारळाला कोणी हात लावायचा नाही. उत्सवमूर्तीचा मोजून झाला की पंगतीत जी कोणी लाजत-मुरकत लिंबाचे लोणचे जरा जास्त घेई, तिचाही दंड तू पकडायचीस. "अभी तो किसी को बताया भी नहीं, दीदी!" "मैंने कहाँ पूछा? हाथ दो."

आणि तो पेढा-बर्फीचा खेळ! झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्या माना पुढे झुकलेल्या असताना तू दोन्ही वाट्या उघडायचीस, पेढा एका गालात आणि बर्फी दुसऱ्या गालात भरायचीस आणि तोंड भरलेले असतानाच निकाल सांगायचीस, "बाळ आहे."

मी दाब मोजण्याच्या विज्ञानात काम करते. यंत्र दाखवते तो आकडा आणि खरा आकडा यांतले अंतर शोधणे हा माझा व्यवसाय. कॉलेजात असल्यापासून तुझ्या या पद्धतीवर माझा आक्षेप होता. गोंगाट, गर्दी, फुलांचे दागिने, ढोलकी. अशा ठिकाणी घेतलेल्या मापाला काय अर्थ? मी तुला व्याख्यान दिले. तू भेंडी चिरत होतीस. ऐकून घेतलेस आणि म्हणालीस, "बरं."

पुढे प्रयोगशाळेत मला रक्तदाब मोजण्याचे शास्त्रीय निकष वाचावे लागले. लघवीला जाऊन यावे. पाठीला आधार असावा. पाय लोंबकळते नसावेत, जमिनीला टेकलेले असावेत. दंड मोकळा आणि हृदयाच्या पातळीला हवा. आधी काही मिनिटे स्वस्थ, न बोलता बसावे. वाचता वाचता माझ्या डोळ्यांसमोर तुझी डोहाळेजेवणे उभी राहिली. "आधी बाथरूमला जाऊन ये गं" हे तुझे पहिले वाक्य. सजवलेल्या झोपाळ्याला तुझी बंदी, त्याऐवजी उंच पाठीची खुर्ची आणि पायांखाली पाट. डाव्या हाताला फुलांचा बाजूबंद नाही, तो नंतर. शेजारच्या टेबलावर तक्क्या, त्यावर हात. आणि तुझा तो विचित्र नियम: उत्सवमूर्तीने पहिल्या गाण्यात अवाक्षर काढायचे नाही, आणि पहिले गाणे सगळ्यांत लांब असले पाहिजे.

मी तो कागद घेऊन तुझ्यापुढे उभी राहिले. "हे सगळं तू मुद्दाम बसवलंस?"

"छे गं," तू म्हणालीस. "झोपाळ्याने मला मळमळतं."

आत्या, तुझ्याशी वाद घालणे म्हणजे तेल लावलेल्या मल्लाशी कुस्ती होती.

त्यानंतर मी मोर्चा तुझ्या पाऱ्याच्या यंत्राकडे वळवला. लाकडी पेटी, काचेची नळी, कुरकुरणारा रबरी फुगा. पारा विषारी असतो. नळी फुटली तर भर ओटीभरणात काय करशील? मी तुला बटण दाबताच आकडा दाखवणारे यंत्र आणून दिले. तू त्याचे आभार मानलेस आणि ते बाबांना देऊन टाकलेस. "मला ठोके ऐकल्याशिवाय करमत नाही," म्हणालीस. मी याला भावनिकता म्हटले. तू मला पोरगी म्हटलेस.

मग माझीच वेळ आली. माझा रक्तदाब लग्नाआधीपासून चढा. त्यामुळे माझे गरोदरपण पहिल्या दिवसापासूनच जोखमीचे ठरणार होते. मी ते शब्द स्वतःच उच्चारले, कोणी दुसऱ्याने उच्चारण्याआधी. तू चहा गाळत होतीस. "जोखमीचं म्हणजे वाईट होणारच असं नाही, मधू. जोखमीचं म्हणजे तुझ्याकडे जास्त वेळा बघायचं." मग तू मला तुझ्या विद्यार्थिनीकडे, डॉ. फरहतकडे नेलेस. त्यांनी आधीच्या गोळ्या बदलल्या, कारण त्या बाळाला चालत नाहीत. झोपताना घ्यायची एक छोटी गोळी सुरू केली. आणि बजावले की डोके ठणकले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगड्यांखाली दुखले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर वेळ न पाहता यायचे. शेजारच्या काकूंनी पायावरची सूज पाहून माझे मीठ बंद करायला सांगितले तेव्हा तू त्यांच्याच घरी जाऊन सांगून आलीस, "मिठाचा काय गुन्हा आहे?"

मी तर सज्जच होते. माझे बटणाचे यंत्र मी स्वतः प्रयोगशाळेत तपासून घेतले होते. रोज सकाळी मोजायचे, आकडा चांगला यायचा. शोधनिबंध वेळेत चालला होता, बाळही वेळेत चालले होते. माझ्या नवऱ्याला, समीरला, रजा मिळेना म्हणून डोहाळेजेवण आठव्या महिन्यात ढकलले, एवढीच काय ती अव्यवस्था.

त्या दुपारी आईने न्यू मार्केटमधून फुलांची वाडी आणली होती. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा आणि हातात धरायला धनुष्यबाण. मी तक्रार केली की वैज्ञानिक स्त्रीने फुलांचे धनुष्य धरून बसणे हास्यास्पद आहे. समीरने तेवढ्यात फोटोही काढला. बायका जमल्या. कुलकर्णी काकूंनी माझी हनुवटी धरली.

"बघा तरी, चेहरा कसा भरलाय! तेज आलंय अगदी."

"हो ना! परवा कशी सुकलेली दिसत होती."

"मुलगी होणार. मुलगी आईला रूप देते."

तू कोपऱ्यात चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होतीस. तुझा हात थांबला. आपल्या लोकांची ही जुनीच चूक, तू नंतर मला समजावलीस: एक-दोन दिवसांत चढलेली सूज आपल्याला तेज वाटते, आणि आपण तिची दृष्ट काढतो.

"अंगठी काढ बघू," तू म्हणालीस.

निघेना.

"कालपर्यंत निघत होती?"

"परवापर्यंत."

"बरं. गाणं सुरू करा गं. लांबातलं."

मी पाठ टेकून, पाय पाटावर ठेवून, मुकाट बसले. गाणे संपले. तू पट्टा बांधलास, स्टेथोस्कोपच्या नळ्या कानांत घातल्यास, पारा चढवलास. मग थोडे थांबून पुन्हा चढवलास. तुझ्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. तोच तर तुझा धंदा होता.

"माझ्या यंत्रावर आज सकाळीच मोजलाय," मी म्हणाले. "उत्तम आहे."

"आण तुझं यंत्र."

बटण दाबले. पुन्हा चांगलाच आकडा. तुझा पारा मात्र पुष्कळ वर. दोन मापे, एकच हात. कोणते तरी एक चुकीचे होते, आणि त्या क्षणी, आत्या, मला भीतीच्या आधी कुतूहल वाटले, हे मी तुलाच सांगू शकते.

"डोकं दुखतंय?"

"थोडंसं. फुलांच्या वासाने."

"फुलांना कशाला नावं ठेवतेस?" तू नळ्या कानांतून काढल्यास आणि टाळी वाजवलीस. "चला, ओटी भरा. झटपट, पण नीट. मग मी आणि मधू जरा फिरून येतो."

कोणी किंचाळले नाही, कोणी रडले नाही. पाच सवाष्णींनी ओटी भरली, आईने औक्षण केले, आणि मी फुलांच्या मुकुटासकट गाडीत बसले. समीर इतका जपून चालवत होता की तू पुढे वाकून म्हणालीस, "जावईबापू, ही वरात नव्हे."

तिथेच मी तुला विचारले. "आत्या, धोका किती?"

"आकडा हवा की उत्तर?"

"आकडा."

"तो फरहत देईल. उत्तर माझ्याकडे आहे. तुम्ही दोघं घरी येणार."

"हे शास्त्रीय नाही."

"नाहीच मुळी. हा माझा हट्ट आहे."

रुग्णालयाच्या दारावरचा पहारेकरी तुला ओळखत होता. त्याने माझ्या मुकुटाकडे पाहिले, धनुष्याकडे पाहिले. "मैडम, दुल्हन को इधर कहाँ ले आईं?"

"दुल्हन नहीं है भैया, वी.आई.पी. है. व्हीलचेयर लाओ."

लघवीत प्रथिने निघाली. डॉ. फरहतनी मला दाखल करून घेतले. दाब उतरवायची औषधे, झटके येऊ नयेत म्हणून एक औषध, बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून इंजेक्शने. त्यांनी मला सगळे आकडे सांगितले, टाळाटाळ न करता, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. पण ते ऐकताना मी मनाशी तुझे अशास्त्रीय वाक्य घट्ट धरून बसले होते, हेही नोंदवते. दाब काही दिवस आवरला, मग आवरेना, आणि त्यांनी ठरवले की आता बाळाला बाहेरच जास्त सुरक्षित. मीरा आली ती मुठीएवढी आणि संतापलेली. तू तिला पाहायला आलीस तेव्हा तुझे दोन्ही गाल फुगलेले होते. एकात पेढा, दुसऱ्यात बर्फी.

माझे यंत्र का चुकले, तेही डॉ. फरहतनीच सांगितले. अशी यंत्रे पट्ट्यातली थरथर मोजतात आणि तिच्यावरून रक्तदाबाचा अंदाज बांधतात. या आजारात रक्तवाहिन्यांचा स्वभाव बदलतो, आणि अशा स्त्रियांवर न पारखलेली यंत्रे कमी आकडा दाखवू शकतात. माझी तपासणी बरोबर होती. माझे यंत्र खोटे बोलत नव्हते. ज्या शरीरांवर ते बेतले गेले, त्यांत माझ्यासारखे शरीर नव्हते, इतकेच. मी खाटेवर पडल्या पडल्या माझ्या पुढच्या संशोधनाचा विषय ठरवला: पारा न वापरता अशा बायकांच्या हाताचे खरे माप घेणारे यंत्र. तुला सांगितले. तू जिंकलेल्या माणसासारखी बेशरम हसलीस आणि म्हणालीस, "कर तयार. त्या दिवशी मी पारा तुझ्या हवाली करते. तोवर कान शिक."

बाळंतपणानंतरही हा दाब दगा देतो, म्हणून तू घरी रोज येऊन माझा हात धरायचीस आणि मग स्वतःचा हात मला द्यायचीस. तुझ्याच दंडावर मी ऐकायला शिकले. पट्टा सैल होत जातो, शांतता असते, आणि अचानक पहिला ठोका येतो, दारावर कोणी तरी आल्यासारखा. पहिला आकडा त्या क्षणाचा. ठोके विझतात तो दुसरा आकडा. माझ्या क्षेत्रातली सगळ्यांत सुंदर गोष्ट मला माझ्या क्षेत्राबाहेर शिकायला मिळाली.

"आत्या, मधेच एक ठोका गळतोय."

"गळू दे. त्याला सवय आहे. तू आकडा सांग."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. गोळ्या घेते. त्यांच्याशीही वाद घातला. आकडा सांग, मधू."

मी आकडा सांगितला. तो बरोबर होता. त्या गळणाऱ्या ठोक्याबद्दल आपण पुन्हा बोललो नाही. तू बोलू दिले नाहीस, आणि मीराला दर तासाला भूक लागत होती. त्याच दिवसांत मी तुला विचारले होते, "गाडीत तू ते म्हणालीस, तेव्हा तुला खात्री होती का?" तू मीराला खांद्यावर घेऊन थोपटत होतीस. म्हणालीस, "नंतर सांगते. आधी हिला ढेकर येऊ दे." ढेकर आला. तू टाळ्या वाजवल्यास. उत्तर राहून गेले. मग एका सकाळी चहाचा कप अर्धा पिऊन तू खुर्चीतच गेलीस, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, तुझ्याच नियमाप्रमाणे.

तुझी पाऱ्याची पेटी मी रुग्णालयात जमा केली, विषारी वस्तूंची रीतसर विल्हेवाट लागते तिथे. या वादात शेवटचा शब्द माझा झाला. फार आनंद झाला नाही. नळ्या मात्र मी ठेवून घेतल्या.

आणि आता कालची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळे लिहायला बसले. समोरच्या क्वार्टरमधल्या रुचीची गोदभराई होती. तिची आधीची दोन गरोदरपणे टिकली नव्हती. तिच्या सासूबाई सकाळी आमच्या दाराशी आल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. "आपके यहाँ अभी ग़म है, कैसे कहूँ..." आईने माझ्याकडे पाहिले. "मधू, नळ्या घे," ती म्हणाली. "मीराला मी धरते."

रुचीसाठी झोपाळा सजवला होता. मी तो उतरवायला लावला. खुर्ची मागवली, पाट मागवला, तिला बाथरूमला पाठवले. तिची नणंद कुजबुजली, "बिलकुल डॉक्टर दीदी जैसी दादागिरी." गाणे लांबातले लावले. काटा फिरणारे यंत्र, बिनपाऱ्याचे, मी स्वतः तपासलेले. आणि कानांत तुझ्या नळ्या. ढोलकी थांबली. हवा सुटत गेली आणि त्या शांततेत रुचीचा पहिला ठोका आला, स्वच्छ, जिथे यायला हवा तिथे. मी पुन्हा मोजले. आकडा चांगला होता.

"नंबर अच्छा है," मी तिला सांगितले. "लेकिन कल सुबह डॉ. फरहत के पास चलना है."

तिने माझे मनगट धरले. "नंबर नहीं पूछ रही, दीदी. सब ठीक होगा ना?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. माझ्याजवळ खरे उत्तर होते, काळजीपूर्वक बांधलेले, शक्यतांसकट. ते मी तिला देणारच आहे. तिचा तो हक्क आहे, आणि त्या बाबतीत मी तुझ्यापुढेही माघार घेणार नाही. पण तिचा तळवा घामेजला होता.

"तुम दोनों घर आओगे," मी म्हणाले. "ये मेरी ज़िद है."

आणि म्हणता म्हणताच, आत्या, तुझे राहून गेलेले उत्तर मला मिळाले. खात्री तुला नव्हती. ते वाक्य म्हणजे भाकीत नव्हतेच. ते म्हटल्यावर म्हणणारीला स्वस्थ बसता येत नाही. दुसऱ्या दिवशी जावे लागते, परवा जावे लागते, अंगठी निघते का पाहावे लागते, गाडी काढावी लागते. तू माझ्याकडून विश्वास मागितला नव्हतास, स्वतःला कामाला जुंपले होतेस. आज सकाळी मी रुचीला घेऊन डॉ. फरहतकडे जाऊन आले. उद्या पुन्हा तिच्या घरी जाणार आहे. माझे वेळापत्रक पार कोलमडले आहे. वाद तू जिंकलीस.

काल ओटी भरून झाल्यावर दोन झाकलेल्या वाट्या आल्या. सगळ्या माना पुढे झुकल्या. मी दोन्ही उघडल्या. पेढा एका गालात, बर्फी दुसऱ्या गालात. तुला जमायचे तितके सोपे नाही ते, डोळ्यांत पाणी येते. आईच्या मांडीवरून मीरा टक लावून पाहत होती. तोंड भरलेले होते, तरी निकाल सगळ्यांना नीट ऐकू गेला.